पंखा बंद होता

आमच्या माहितीपटाचा विषय होता 'शाळेतली सुरक्षितता', आणि त्यात एकच अडचण होती. शाळेतल्या सगळ्यांच्या मते शाळा आधीच सुरक्षित होती.

स्पर्धा शाळाशाळांची. दहा मिनिटांची फिल्म, मुदत तीन आठवडे. नववीतून आम्हा दोघींची निवड झाली. एक माझी मैत्रीण, जिला अख्खा वर्ग 'सरकार' म्हणतो, कारण ती विचारत नाही, फर्मान काढते. कॅमेरा तिच्याकडे, दिग्दर्शनही तिच्याकडे. दुसरी मी. आवाजाचं काम मी मागून घेतलं. आवाज पकडणाऱ्याकडे कोणी बघत नाही हे एक, आणि कानांवर हेडफोन असले की लोक उगाच बोलायला येत नाहीत हे दुसरं. मला दोन्ही हवं होतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही एकेचाळीस जणांना विचारलं, "तुम्हाला शाळेत सुरक्षित वाटतं का?" एकेचाळीसच्या एकेचाळीस जण "हो" म्हणाले. फाटकावरचे काका "शंभर टक्के" म्हणाले, मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "परत घ्या, आता जरा नीट म्हणतो." पाचवीतला एक मुलगा गुडघ्याला पट्टी बांधून "हो" म्हणाला. पट्टी कशाची विचारलं तर जिन्याची तिसरी पायरी हलते म्हणाला, पण तोवर सरकारने कॅमेरा बंद केला होता. सगळं एकत्र लावून बघितलं तर नुसत्या माना हलत होत्या. अगदी अळणी कारभार.

आता मावशीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

शाळेत जी बाई लहान मुलांची नाकं पुसते, बुटांच्या नाड्या बांधते, शी-शूला नेते आणि वर्ग झाडते, तिला सगळे मावशी म्हणतात. आमच्या शाळेत तळमजल्यावर, शिशुवर्गाकडे, अशा एकच मावशी होत्या. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्यासुद्धा त्यांना मावशीच म्हणायच्या. आणि त्या माझ्या मावशी होत्या. म्हणजे, ती माझी मावशी होती. सख्खी. माझ्या आईची मोठी बहीण.

मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मी मावशीकडे. भेटायला आलेली माणसं "माय मरो पण मावशी जगो" असं म्हणून चहा पिऊन जायची, जशी काही माझ्यावर उपकार म्हणून कोणी अदलाबदल करून दिली होती. ही म्हण ज्याने काढली तो मला एकदा भेटायला हवा.

पहिलीत माझं नाव घातलं तेव्हा मावशीनेच बजावलं, "शाळेत मी सगळ्यांची. तिथे अगं-तुगं चालायचं नाही. अहो मावशी म्हणायचं, कळलं?" मला गंमत वाटली. घरी अगं, शाळेत अहो. शाळा सुटली की मी पुढे निघायचे आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी थांबायचे. ती मागून यायची. तिथे अहोचं अगं व्हायचं आणि आम्ही घरी जायचो.

चौथीपर्यंत ती नुसती शिस्त होती. पुढे ती माझी लपायची जागा झाली. मैत्रिणींच्या घरची माणसं कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, आणि माझी तळमजल्यावर हातात फडकं घेऊन. जुन्या बाईंना माहीत होतं, पण त्यांनी कधी विषय काढला नाही. मुलांना कळायचं काही कारणच नव्हतं, कारण मी भर मैदानात "मावशी" अशी हाक मारली तरी ती सगळ्यांचीच हाक होती. एवढी सोयीची हाक जगात दुसरी नसेल. सरकार चार वर्षं माझ्या शेजारी बसत होती. तुझ्याकडे अभ्यासाला येते म्हणाली की मीच तिच्या घरी जायचे. मला मावशीची लाज वाटायची, सरळच सांगते. आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा राग यायचा, पण त्या रागाने काही बदललं नव्हतं.

तर फिल्म. आवाज पकडणाऱ्याचं एक काम असतं, ते फारसं कोणाला माहीत नसतं. प्रत्येक खोलीचा एक मिनिट नुसताच आवाज घ्यायचा. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. रिकामी खोलीसुद्धा गप्प नसते, आणि पुढे फिल्मचे तुकडे जोडताना तो आवाज माणसांच्या बोलण्याखाली अंथरावा लागतो. त्यासाठी आधी पंखे बंद करायचे, कारण पंख्याची घरघर बाकी सगळं खाऊन टाकते.

गुरुवारी मी त्यासाठी तळमजल्यावर गेले. सरकार वर जिन्यापाशी होती. शिशुवर्ग खेळायला मैदानात गेला होता आणि मावशी टेबलापाशी उभी राहून छोट्या रुमालांच्या घड्या घालत होती. "एक मिनिट जागेवरून हलू नका हं, मावशी," मी तिच्यासमोर जाऊन म्हणाले. तिने मान हलवली. मी पंखा बंद केला, हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

विसाव्या सेकंदाला स्वच्छतागृहाच्या दारावर आतून थाप पडली. छोटीशी. मग "मावशी" अशी हाक आली. मग कडी खडखडली. मग जरा रडवेल्या आवाजात, "मावशी, उघडत नाहीये." माझ्या कानात तो आवाज एवढा मोठा होता की मी दचकले. मावशी त्या दारापासून चार पावलांवर होती. तिने रुमालाची घडी घातली, वरून हात फिरवला आणि दुसरा रुमाल घेतला.

मी थांबले. का थांबले ते नंतर स्वतःला खूपदा विचारलं. ती आता वळेल असं वाटत होतं, कारण ती नेहमी वळायची. आतली पोर भोकाड पसरून रडायला लागली तेव्हा मी हेडफोन टाकून धावले. दाराला खांदा दिला तशी आतली कडी उपटून खाली पडली. आत चार वर्षांची एक चिमुरडी उभी होती, एक बूट पायात आणि एक हातात. मावशी माझ्या मागोमाग आली, पण ती माझं धावणं बघून आली होती, रडणं ऐकून नव्हे.

"अगोबाई, अडकलीस होय गं बाळा," असं म्हणून तिने पोरीला कडेवर घेतलं, डोळे पुसले, बूट चढवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पंख्याच्या आवाजात ऐकूच आलं नाही बघ."

पंखा बंद होता. मीच तो बंद केला होता.

मावशी मला रस्त्यावर नेहमी डाव्या हाताला घेऊन चालायची. उजवीकडून गाड्या जातात म्हणून, असं मी समजत होते. त्या संध्याकाळी औषधांच्या दुकानापासून पुढे मी मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला गेले आणि चालता चालता म्हणाले, "मावशी, मी गणितात नापास झालेय."

"हो ना," ती म्हणाली, "आज उकाडा आहेच."

मला आधी हसू आलं. घरी पोचल्यावर मी तिच्यासमोर उभी राहिले आणि कानांचं विचारलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही.

"उजवा गेला चार वर्षांपूर्वी. तो ताप आला होता बघ, त्यात. डावा आहे निम्माशिम्मा."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कान देणार होतीस का काढून?"

"मावशी, चेष्टा नको."

"मग काय करू? रडू?" तिने सुरी खाली ठेवली. "हे बघ, मी दर पाच मिनिटांनी चक्कर मारते. दारं ढकलून बघते, डोकी मोजते. त्या कडीचं तीनदा लिहून दिलंय ऑफिसात. चार वर्षांत एका पोराला खरचटलं नाही. आज चक्कर राहिली, कारण तुझं ते मिनिट चालू होतं. हलू नका म्हणालीस ना?"

मी चिरलेली भाजी ताटलीत भरायला लागले.

"ते पुसून टाक," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तळमजल्यावरून काढलं तर मी काय करू गं? वर बसून फायलींची नाकं पुसू?"

"पुसते," मी म्हणाले, म्हणजे आवाज पुसते. पण आवाजाचं मेमरी कार्ड दुपारीच सरकारकडे गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरकार फाटकातच माझी वाट बघत होती. "ऐकलंस का तू ते? एक मुलगी आत अडकलीय, हाका मारतेय, आणि बाहेर कोणी ढिम्म हलत नाही! अगं, हीच आपली फिल्म आहे. बाकीच्या एकेचाळीस जणांना टाक कचऱ्यात."

"ते नको घालूया."

"का?"

"मावशींना तिथून काढतील."

"आणि उद्या त्या पोरीला आत चक्कर आली असती तर?" ती बरोबर बोलत होती, आणि त्याचाच मला राग येत होता. मी "नको म्हणजे नको" म्हणत राहिले तशी ती वैतागली. "तुला एवढं काय झालंय? तुझी काय मावशी लागते ती?"

चार वर्षांत एवढा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि मी म्हणाले, "छे. मावशी काय, सगळ्यांचीच लागते." सरकार हसली. मीही हसले. ते हसणं अजून आठवलं की तोंड कडू होतं.

सोमवारी सरकारने मावशीची मुलाखत ठेवली. मावशी खुशीत होती. तिला वाटलं, सगळ्यांना विचारलं तेच विचारणार. मी तिला आधी सांगायला हवं होतं. शनिवार-रविवारात दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात घास घातला.

उजेड चांगला म्हणून सरकारने तिला खिडकीपाशी शिशुवर्गाच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. कॅमेरा समोर, आणि सरकार बसली तिच्या उजव्या हाताला, चेहरा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे वळवून. मी मागे, हेडफोन लावून.

"मावशी, गुरुवारी एक मुलगी आत अडकली, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"हो, हो," मावशी हसून म्हणाली. "एकदम सुरक्षित."

सरकारने माझ्याकडे बघितलं. "नाही, मी विचारतेय, तिने हाका मारल्या, त्या तुम्ही ऐकल्या नाहीत का?"

"अगदी. पोरं काय, फुलासारखी सांभाळायची." तिने मान हलवली. मग तिला सरकारचा चेहरा दिसला. काहीतरी चुकलं हे तिला कळलं, पण काय चुकलं ते कळेना, म्हणून ती आणखी जोरात मान हलवून हसली. सरकारच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटत होतं. त्यात दुष्टपणा नव्हता. समोरचा भलतंच उत्तर देतो तेव्हा कोणालाही येतं तसं हसू होतं. पण मला ते सोसेना.

मी हेडफोन काढले, कॅमेऱ्यासमोरून गेले आणि तिच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले. "अगं मावशी," मी म्हणाले, "ती विचारतेय, त्या पोरीची हाक तुला ऐकू आली नाही का?"

सरकारचं तोंड उघडंच राहिलं. शाळेत तळमजल्याच्या मावशींना कोणी अगं म्हणत नाही. 'तू' तर त्याहून नाही.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "शाळेत अहो म्हणायचं," ती हळूच म्हणाली.

"नाही म्हणणार. तू माझी मावशी आहेस." मग सरकारकडे वळून मी म्हणाले, "माझी मावशी आहे ही. सख्खी. मी हिच्याच घरी राहते."

कॅमेरा चालू होता. सरकार कधी माझ्याकडे, कधी मावशीकडे बघत होती. शेवटी मावशीच बोलली, आणि कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत बोलली.

"नाही आली ऐकू. कडी मोडकी होती हे खरं, पण माझा कानही मोडकाच आहे. मला वाटायचं, मी चकरा मारते ना, मग झालं. पण लोक काही विचारतात आणि कळत नाही, तेव्हा मी हो म्हणते. हो म्हटलं की माणूस पुढे जातो, परत विचारत नाही. सवय लागली. परवा ती पोर माझं नाव घेऊन रडत होती आणि मी रुमालाला घडी घालत होते." ती थांबली. "माझी मुलगी त्या दाराआड असती, तर अशी मावशी मला बाहेर चालली नसती."

मग सरकार, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, परवानगी मागायच्या आवाजात म्हणाली, "मावशी, हे आम्ही ठेवू का? नको असेल तर काढते."

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिला ऐकू आलं नव्हतं म्हणून मी ते परत सांगितलं.

"ठेवा," ती म्हणाली. "आणि त्या कडीचापण फोटो घाला."

फिल्मचा नंबर आला नाही. परीक्षकांना आवाज कमीजास्त वाटला, म्हणजे बोलणी मलाच बसली. पण मोठ्या बाईंनी ती दोनदा बघितली. जो सुतार तीन अर्जांनी आला नव्हता, तो त्याच दुपारी आला. कडी बदलली, जिन्याची तिसरी पायरीही बसवली. मग मोठ्या बाईंनी मावशीला ऑफिसात बोलावलं. मीही गेले, कोणी बोलावलं नसताना, आणि तिच्या डाव्या बाजूला उभी राहिले.

"कान तपासून या," मोठ्या बाई तिच्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाल्या. "नोकरीची काळजी करू नका, ती कुठे जात नाही. पण ऐकू पुरेसं येत असेल तरच तळमजला. नसेल तर लहान मुलांपाशी मी तुम्हाला एकटीला ठेवू शकत नाही. तुम्हीच सांगा मावशी, ठेवू?"

"नका ठेवू," मावशी म्हणाली. बाहेर येऊन ती रुमालांचं कपाट आवरत बसली, सगळं आधीच आवरलेलं असताना.

कान तपासायच्या खोलीत काचेची एक केबिन होती. बाहेरचा आवाज आत जात नाही अशी. तपासणाऱ्या ताईने मावशीला आत बसवलं, हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आतली खुर्ची खरं तर भिंतीकडे तोंड करून होती, पण मावशी "गुडघा आखडतो" म्हणाली आणि ती वळवून बसली. मी बाहेर ताईच्या शेजारी. ताईसमोर यंत्र होतं, आणि त्यावर आवाज सोडला की एक हिरवा दिवा लागायचा, मावशीने बटण दाबलं की टक् वाजायचं.

दिवा लागला, मावशीने बटण दाबलं. टक्. पुन्हा दिवा, पुन्हा टक्. माझा श्वास मोकळा झाला. ताई आवाज कमी करत गेली, आणि मावशी दाबत गेली. "अरे वा," ताई म्हणाली, "काकूंना तर छान येतंय की." पुढच्या दिव्याला मी एवढी खूश झाले की मावशीकडे बघून हसले, आणि तिने त्या क्षणाला बटण दाबलं.

तेव्हा मला कळलं. ती माझ्याकडे बघत होती. दिवा तिला दिसत नव्हता, पण दिव्याकडे बघणारे माझे डोळे दिसत होते. दिवा लागला की माझ्या भुवया वर जात असणार, आणि तिला तेवढं पुरत होतं.

मी नुसती बघत राहिले असते तरी पुरे होतं. आणखी दहा मिनिटं. कागदावर चांगले आकडे उमटले असते, आणि सोमवारी ती परत बुटांच्या नाड्या बांधत बसली असती. तिलाही ते ठाऊक होतं. काचेतून ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी लहानपणी औषध नको म्हणताना मी तिच्याकडे बघायचे.

मी खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ केली.

समोर भिंत होती. मागे ताईच्या यंत्राची बटणं दाबल्याचा आवाज येत होता. मी यंत्रातून येणाऱ्या 'टक्'ची वाट बघत होते. एक आली, बऱ्याच वेळाने. मग आणखी एक. मग काहीच आलं नाही, आणि ताई कागदावर लिहीत गेली.

उजवा कान पूर्ण गेलेला, ती म्हणाली, डावा निम्म्याहून कमी. यंत्र लावलं तर समोरच्याचं बोलणं बरंच कळेल. मागून आलेल्या बारीक हाकेची खात्री मात्र देता येणार नाही. म्हणजे तळमजला गेला.

मावशी केबिनमधून बाहेर आली. हेडफोनने चपटे झालेले केस तिने दोन्ही हातांनी सारखे केले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पाठ का केलीस गं?"

"तू मला बघून बटण दाबत होतीस."

"मग?" मावशी म्हणाली. "चार वर्षं तशीच तर ऐकतेय तुला."